मातृभाषा कोणाची, माध्यम कोणाचे?

शिक्षणाच्या माध्यमाचा वाद महाराष्ट्रात जेव्हा जेव्हा पेटतो, तेव्हा तो मराठी विरुद्ध इंग्रजी किंवा मराठी विरुद्ध हिंदी अशाच दोन फळ्यांतून लढला जातो. २०२५ साली हेच घडले. १६ एप्रिल रोजी राज्य शासनाने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांतून पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य करणारा निर्णय काढला. त्याला विरोध होताच १७ जून रोजी त्यात दुरुस्ती करण्यात आली. हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा शिकायची असल्यास वर्गातील किमान २० विद्यार्थ्यांनी तशी इच्छा व्यक्त केली पाहिजे, अशी अट त्या दुरुस्तीत होती. अखेर २९ जून रोजी दोन्ही निर्णय मागे घेण्यात आले आणि डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमण्यात आली. सहा वर्षांच्या मुलावर तीन भाषांचे ओझे लादू नये, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे योग्यच होते. मात्र या साऱ्या चर्चेत एक गोष्ट दोन्ही पक्षांनी गृहीत धरली होती. महाराष्ट्रातील मराठी शाळेचा उंबरा ओलांडणारे मूल घरून मराठी घेऊनच येते, ही ती गोष्ट होय.

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांपुरते बोलायचे, तर हे गृहीत अनेक ठिकाणी खरे ठरत नाही. देगलूर, बिलोली, धर्माबाद या तालुक्यांत तेलुगू बोलणारी घरे आहेत. उदगीर, देवणी, निलंगा या भागांत कन्नड कानावर पडते. दोन्ही जिल्ह्यांच्या शहरांतून आणि तालुक्याच्या गावांतून उर्दू, किंवा अधिक नेमके बोलायचे तर दखनी, ही हजारो कुटुंबांची घरची बोली आहे. मुखेड, कंधार, किनवटपासून अहमदपूर, जळकोटपर्यंत पसरलेल्या तांड्यांत गोरमाटी बोलली जाते. किनवट आणि माहूरच्या डोंगराळ पट्ट्यात गोंडी आणि कोलामी आहेत. नांदेडच्या गुरुद्वाऱ्याभोवती पिढ्यान् पिढ्या राहिलेला शीख समाज आपली पंजाबी जपून आहे. या सर्वांची मुले शाळेत जातात आणि त्यांतील फार मोठी संख्या मराठी शाळेत जाते. त्या शाळेची भाषा त्यांना पहिल्या दिवशी किती कळते, हा प्रश्न मात्र आपण क्वचितच विचारतो.

हा प्रश्न विचारण्याचा सर्वांत अधिक अधिकार आणि सर्वांत मोठी जबाबदारी मराठवाड्याची आहे. घरची भाषा एक आणि शाळेची भाषा दुसरी असली म्हणजे एका संपूर्ण समाजाचे काय होते, हे महाराष्ट्राच्या अन्य कोणत्याही विभागापेक्षा मराठवाड्याने अधिक जवळून अनुभवलेले आहे.

उर्दूचा काळ

१९४८ पूर्वीच्या हैदराबाद संस्थानात लोकसंख्येचा सुमारे निम्मा भाग तेलुगू भाषकांचा, चौथा हिस्सा मराठी भाषकांचा, आणि कन्नड व उर्दू भाषकांचा प्रत्येकी जवळपास एक दशांश होता. राज्यकारभाराची भाषा आधी फारसी होती. १८८० च्या दशकात तिची जागा उर्दूने घेतली. पुढे १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले आणि उच्च शिक्षणाचे माध्यमही उर्दू ठरले. या विद्यापीठाच्या बाबतीत न्यायाने बोलले पाहिजे. देश इंग्रजांच्या अमलाखाली असताना, उच्च शिक्षण इंग्रजीवाचून शक्यच नाही असे मोठमोठे विद्वान सांगत असताना, उस्मानियाने वैद्यक, अभियांत्रिकी, कायदा आणि विज्ञान हे विषय एका भारतीय भाषेतून शिकवून दाखविले. त्यासाठी ‘दारुल तर्जुमा’ हे भाषांतर खाते उभारण्यात आले आणि तेथे शेकडो ग्रंथ उर्दूत आले. भारतीय भाषांना आधुनिक ज्ञान पेलत नाही, हा आक्षेप उस्मानियाने प्रत्यक्ष कृतीने खोडून काढला. हे श्रेय तिला दिलेच पाहिजे.

परंतु ज्या भाषेतून हे ज्ञान आले, ती भाषा दहांतील नऊ प्रजाजनांच्या घरात बोलली जात नव्हती. नांदेड किंवा निलंग्याच्या मराठी मुलाला गावात चार अक्षरे मराठीतून शिकता येत. तालुक्याच्या ‘मदरसा वस्तानिया’त, म्हणजे मिडल स्कूलमध्ये गेले की उर्दू सुरू होई, आणि जिल्ह्याच्या ‘फोकानिया’त, म्हणजे हायस्कुलात, भूगोल, गणित आणि इतिहासही उर्दूतूनच शिकावे लागत. जी मुले मुळात हुशार होती आणि ज्यांच्या घरी सरकारी नोकरीची परंपरा होती, ती या दाराने आत गेली. उत्तम उर्दू लिहिणाऱ्या मराठी वकिलांची आणि कारकुनांची एक पिढीच तेथे तयार झाली. उरलेली मुले दाराबाहेर राहिली. १९५१ च्या जनगणनेच्या वेळी हैदराबाद राज्यात दहा माणसांत जेमतेम एक साक्षर होता. या मागासलेपणाला सरंजामी व्यवस्थेपासून शाळांच्या तुटवड्यापर्यंत अनेक कारणे होती, हे खरे. पण परकी वाटणारी शाळा हे त्यांपैकी एक होते, यात शंका नाही.

म्हणूनच येथील स्वातंत्र्यलढ्याचा एक पाय शाळेत होता. उस्मानाबाद जिल्ह्यातील हिप्परगा येथे १९२१ साली राष्ट्रीय शाळा निघाली. आज कर्नाटकात असलेल्या भागात जन्मलेले स्वामी रामानंद तीर्थ तेथे मुख्याध्यापक झाले, पुढे अंबाजोगाईस गेले, आणि शिक्षकाच्या खुर्चीवरून उठूनच ते हैदराबाद मुक्तिसंग्रामाच्या नेतृत्वाकडे वळले. खासगी शाळांवर सरकारी परवान्याची बंधने असतानाही ठिकठिकाणच्या शिक्षकांनी मराठी शाळा चालविल्या. महाराष्ट्र परिषदेच्या व्यासपीठावरून मातृभाषेतून शिक्षणाची मागणी होत राहिली. आंध्र महासभा आणि कर्नाटक परिषद आपापल्या भाषेसाठी तेच मागत होत्या. तिन्ही भाषकांची ही मागणी एकच होती, ही गोष्ट विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. उर्दूविषयी द्वेष हे या मागणीचे मूळ नव्हते. मुलाला समजेल अशा भाषेत शिकवा, एवढेच तिचे सांगणे होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले, १९५० साली नांदेडला पीपल्स कॉलेज उभे राहिले, १९५८ साली औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ आणि १९९४ साली नांदेडला स्वामीजींच्या नावाचे विद्यापीठ स्थापन झाले. ती मागणी अशा रीतीने मराठी मुलांपुरती पुरी झाली.

सीमा बदलली, प्रश्न राहिला

१९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली आणि हैदराबाद राज्याचे तीन तुकडे तीन राज्यांना गेले. बीदर जिल्ह्यातील उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके मराठवाड्यात आले. पुढे १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा झाला, तेव्हा ते त्या जिल्ह्यात गेले. औराद, भालकी आणि हुमनाबाद म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात राहिले. आदिलाबाद जिल्ह्यातील किनवटचा भाग नांदेडला जोडला गेला. उलट नांदेडकडील मुधोळ आणि भैंसा आंध्रात गेले. या रेषा शक्य तितक्या भाषेच्या आधाराने आखल्या गेल्या. पण भाषा ही जमिनीच्या सात-बारासारखी गट क्रमांकाने वाटून घेता येत नाही. रेषेच्या दोन्ही अंगांना दुसऱ्याची भाषा बोलणारी माणसे राहिलीच.

घटनाकारांना आणि त्यांच्यानंतरच्या संसदेला याची जाणीव होती. १९४९ च्या ऑगस्टमध्ये प्रांतांच्या शिक्षणमंत्र्यांनी असे ठरविले होते की, एखाद्या शाळेत ४० किंवा एखाद्या वर्गात १० विद्यार्थी वेगळ्या मातृभाषेचे असतील, तर त्यांच्यासाठी त्या भाषेचा निदान एक शिक्षक द्यावा. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५०-क आला आणि भाषिक अल्पसंख्य समाजाच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी देण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने करावा, असे सांगितले गेले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात, शिक्षणाचे माध्यम व्यवहार्य असेल तेथवर मुलाची मातृभाषा असावे, हे कलम आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही निदान पाचवीपर्यंत घरची भाषा हे माध्यम असावे, असेच म्हटले. वचनांची उणीव कधीच नव्हती.

औराद, भालकी किंवा भैंशाच्या मराठी मुलाला मराठी शाळा मिळावी, बेळगाव-निपाणीच्या मराठी मुलावर कन्नडची सक्ती होऊ नये, यासाठी आपण गेली सात दशके आवाज उठवीत आलो आहोत, आणि ते रास्तच आहे. मग देगलूरच्या तेलुगू मुलाविषयी आणि माहूरच्या कोलाम मुलाविषयी तोच न्याय आपण लावतो काय? सीमेच्या पलीकडे मागायचा हक्क सीमेच्या अलीकडे द्यायलाही हवा. एरवी आपल्या मागणीतील नैतिक बळच नाहीसे होते.

पुस्तक असलेल्या आणि नसलेल्या भाषा

या मुलांची परिस्थिती सरसकट सारखी नाही. कन्नड, तेलुगू आणि उर्दू या लिपी, वाङ्मय आणि पाठ्यपुस्तके असलेल्या भाषा आहेत. १९६७ साली स्थापन झालेली ‘बालभारती’ मराठीखेरीज या भाषांतूनही पुस्तके काढीत आली आहे. उर्दू माध्यमाच्या शाळा नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत आहेत. तेथील मुलांचा प्रश्न निराळा आहे. एके काळी राज्यकर्त्यांची असलेली उर्दू आज हमाल, विणकर, फळविक्रेते आणि कारागीर यांच्या मुलांची शाळेची भाषा आहे. दहावीपर्यंत उर्दूतून शिकलेल्या मुलीला पुढे तलाठ्याच्या किंवा परिचारिकेच्या जागेसाठी चांगली मराठी लागते, आणि ती मराठी तिला कोणी नीट शिकविलेली नसते. जे दार निजामाच्या काळात मराठी मुलासमोर बंद होते, तेच आज वेगळ्या बाजूने तिच्यासमोर अर्धवट लोटलेले आहे. यावर उपाय उर्दू शाळा बंद करणे हा नव्हे. त्या शाळांत मराठी दुसरी भाषा म्हणून उत्तम रीतीने शिकविणे, हा आहे.

खरी कुचंबणा होते ती पुस्तक नसलेल्या भाषांच्या मुलांची. गोरमाटी हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण. बंजारा समाजाची ही भाषा राजस्थानी भाषांच्या जवळची आहे आणि कर्नाटकापासून तेलंगणापर्यंतच्या तांड्यांत ती जिवंत आहे. परंतु जनगणनेच्या कोष्टकांत लंबाडी किंवा लमाणी या नावाने तिची नोंद हिंदी या भाषेच्या पोटात केली जाते. म्हणजे कागदोपत्री तांड्यातील मूल हिंदी भाषक ठरते, शाळेत ते मराठी माध्यमाचे ठरते आणि घरी ते गोरमाटी बोलते. ज्याला आई म्हणजे ‘याडी’ आणि भाकरी म्हणजे ‘बाटी’ ठाऊक आहे, त्या मुलाच्या भाषेला कोठल्याच रकान्यात स्वतःची जागा नाही. मातृभाषेचे कलम लावायचे म्हटले, तरी कोणत्या भाषेला लावणार?

गोंड आणि कोलाम मुलांचे अंतर तर याहूनही मोठे आहे. गोरमाटी निदान मराठीच्याच कुळातली आहे. गोंडी आणि कोलामी या द्राविडी कुळातल्या, तेलुगूच्या नात्यातल्या भाषा होत. पहिलीच्या पुस्तकातील ‘घर’ आणि ‘पाणी’ हे आपल्याला अत्यंत सोपे वाटणारे शब्द घ्या. गोंडी घरात घराला ‘रोन’ आणि पाण्याला ‘येर’ म्हणतात. मराठीत तो, ती आणि ते अशी तीन लिंगे आहेत. गोंडीत पुल्लिंगी आणि अन्य, अशी दोनच वर्गवारी आहे. ज्या मुलाच्या कानाला ‘ते झाड’ आणि ‘ती वेल’ यांतील भेद कधी जाणवलेलाच नाही, त्याने तो चुकविला की आपण त्याची मराठी कच्ची आहे असे म्हणतो. काही काळाने मराठी हा शब्द गळून पडतो आणि मूलच कच्चे ठरते.

वर्गात काय घडते, हे अनुभवी प्राथमिक शिक्षकांना सांगण्याची आवश्यकता नाही. मूल गप्प बसते. गप्प बसणाऱ्या मुलाला काही येत नाही असा समज होतो. फळ्यावरचे ते सुरेख उतरवून काढते, धडा घडाघडा म्हणून दाखविते, पण वाचलेल्याचा अर्थ त्याला लागलेला नसतो. गणितातील बेरीज त्याला येत असते. शाब्दिक उदाहरण मात्र सुटत नाही, कारण अडचण अंकांत नसून वाक्यात असते. चौथी-पाचवीला हे अंतर भरून न येण्याइतके वाढते. त्यातच तांड्यातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि मूल चार-पाच महिने शाळेला मुकते. अर्धवट कळलेली भाषा अशा खंडानंतर कितीशी शिल्लक राहणार? शाळा सुटलेल्या मुलांच्या यादीत कारण म्हणून गरिबी लिहिली जाते, स्थलांतर लिहिले जाते. भाषा हे कारण तेथे लिहिण्याची पद्धतच नाही.

दाराशी झालेले दोन प्रयोग

यावर असे म्हटले जाईल की, बोलीभाषांतून शिकविणे ही पुस्तकी कल्पना आहे. वस्तुतः हा प्रयोग आपल्या दाराशी आणि तोही ऐंशी वर्षांपूर्वी झालेला आहे. आदिलाबाद जिल्ह्यात १९४० साली कोमुरम भीम यांच्या नेतृत्वाखाली गोंडांचे बंड झाले आणि ते मोडून काढण्यात आले. त्यानंतर निजाम सरकारला जाग आली. मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांच्या पुढाकाराने १९४३ मध्ये मार्लवाई या गावी गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. गोंड तरुणांनाच शिक्षक म्हणून तयार करावयाचे आणि मुलांना आरंभीचे शिक्षण गोंडीतून द्यावयाचे, अशी योजना होती. गोंडीसाठी लिपी निवडली ती देवनागरी. किनवटचा भाग त्या वेळी याच आदिलाबाद जिल्ह्यात होता. ज्या सरकारने मराठी मुलाला हायस्कुलात उर्दू शिकावयास लावली, त्याच सरकारच्या काळात गोंड मुलासाठी गोंडी वाचनमाला निघाली, हा इतिहासातील एक विचित्र योग आहे.

या कामाशी लातूर जिल्ह्याचाही एक धागा जुळलेला आहे. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी यांना महाराष्ट्र ओळखतो तो शिवकालाचे आणि फारसी साधनांचे अभ्यासक म्हणून. परंतु हैदराबादच्या मुलकी सेवेत आदिलाबाद भागात असताना त्यांनी गोंडी आणि कोलामी या भाषा शिकून घेतल्या आणि त्यांची व्याकरणे लिहिली. अधिकाऱ्याने प्रजेची भाषा शिकावी, ही त्यांची धारणा होती. आज आपण शिक्षकाकडून अपेक्षा करतो ती याहून कमीच आहे.

भाषावार राज्ये झाल्यावर मार्लवाईची गोंडी पुस्तके मागे पडली आणि त्या शाळांत तेलुगू आली. नव्या बहुसंख्याकांना आपल्या भाषेचा आनंद झाला होता. त्या आनंदात लहान भाषा कोणाच्या लक्षात राहिल्या नाहीत. पुढे २००४ साली आंध्र प्रदेश शासनाने आदिवासी भागात बहुभाषिक शिक्षणाची योजना आखली, तेव्हा गोंडी, कोलामी आणि बंजारा यांसह आठ भाषांत आरंभीची पुस्तके तयार करण्यात आली. तीत मूल प्रथम आपल्या भाषेत वाचायला शिके आणि मग क्रमाक्रमाने तेलुगूकडे जाई. म्हणजे किनवटला लागून असलेल्या आदिलाबादेत ज्या तीन भाषांना पुस्तक मिळाले, त्याच तीन भाषा किनवटच्या शाळांत आहेत. अंतर आहे ते राज्याच्या सीमेचे आणि इच्छाशक्तीचे. आपल्याकडे गडचिरोली जिल्ह्यातील मोहगाव येथे ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतः होऊन गोंडी शाळा सुरू केली, तर ती मान्यतेच्या प्रश्नात अडकली.

आक्षेप आणि उत्तरे

पालकांनाच हे नको आहे, हा सर्वांत वजनदार आक्षेप आहे. तांड्यातील बापाला आपला मुलगा मराठीत आणि शक्य तर इंग्रजीत पुढे जावा असे वाटते. गोरमाटी तर त्याला येतेच, मग ती शाळेत कशाला? हा बाप चुकत नाही. मराठी ही या राज्याच्या कारभाराची, बाजाराची आणि नोकरीची भाषा आहे आणि ती प्रत्येक मुलाला उत्तम यायलाच हवी. २०२० च्या कायद्याने ती सर्व शाळांत अनिवार्य झाली, तेही योग्यच झाले. वाद मराठीपर्यंत पोचण्याच्या वाटेविषयी आहे. पहिली दोन-तीन वर्षे शिक्षक मुलाच्या भाषेत बोलला, तिच्या आधाराने वाचन शिकविले आणि हळूहळू मराठी वाढवीत नेली, तर त्या मुलाची मराठी अधिक पक्की होते. १९५३ साली युनेस्कोने जगभरच्या तज्ज्ञांच्या विचारविनिमयानंतर प्रसिद्ध केलेल्या अहवालात शिक्षणाचा आरंभ मातृभाषेतून व्हावा असे म्हटले होते, ते याच अर्थाने.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा. एवढ्या भाषांचे शिक्षक आणायचे कोठून? उत्तर असे की, ते बाहेरून आणावे लागणार नाहीत. तांड्यांतून आणि गोंड गुड्यांतून अध्यापनाची पदविका घेतलेले तरुण-तरुणी आज आहेत. त्यांच्या नेमणुका आणि बदल्या करताना त्यांना येणारी भाषा हा एक निकष धरला, तरी बरेच काम होईल. अंगणवाडी सेविका तर बहुधा त्याच वस्तीतली असते. आणि ज्या वर्गात तीन-चार भाषांची मुले एकत्र बसतात, तेथे शिक्षकाला प्रत्येक भाषा यायलाच हवी असे नाही. मुलाला आपल्या भाषेत उत्तर देण्याची मुभा असणे, मोठ्या मुलाने लहानाला समजावून सांगणे, शे-दीडशे शब्दांची एक घरगुती यादी शिक्षकाजवळ असणे, एवढ्यानेही वर्गातील मौन फुटू लागते. आपल्या भाषेत बोलल्याबद्दल मुलाला हसू नये, ही तर पहिली पायरी. तिला एक पैसाही खर्च येत नाही.

तिसरा आक्षेप, याने समाजात फूट पडेल, हा. पण फूट भाषा ओळखल्याने पडत नाही. निजामी राजवटीने एकाच भाषेच्या सक्तीने एकी साधण्याचा प्रयत्न केला. तिचे फळ काय मिळाले, हे मराठवाड्याला सांगायला नको.

लातूरच्या वाटेवरचा दुसरा खड्डा

भाषेचा हा उंबरठा केवळ पहिलीत नाही. अकरावीत तो पुन्हा येतो आणि या वेळी मराठी मुलांनाही ठेचाळतो. १९६१ चे दयानंद महाविद्यालय आणि १९७० चे राजर्षी शाहू महाविद्यालय यांनी लातूरचे नाव शिक्षणक्षेत्रात गाजविले. ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द सर्वत्र रूढ झाला आणि दरवर्षी दूरदूरच्या खेड्यांतून मुले वैद्यकीय प्रवेशाची उमेद घेऊन तेथे येऊ लागली. त्यांच्यापैकी अनेकांनी दहावीपर्यंत विज्ञान मराठीतून शिकलेले असते. अकरावीच्या विज्ञान शाखेत मात्र शिकविणे इंग्रजीतून असते. ‘प्रकाशसंश्लेषण’, ‘गुरुत्वीय त्वरण’, ‘पेशीभित्तिका’ ही ओळखीची नावे एका रात्रीत निरुपयोगी होतात आणि त्याच संकल्पना अनोळखी वेषात समोर उभ्या राहतात. वैद्यकीय प्रवेशपरीक्षा २०१७ पासून मराठीतून देता येते, पण शिकवणी, पुस्तके आणि सराव इंग्रजीतून असल्यावर त्या सोयीचा उपयोग किती जणांनी करावा? सेमी-इंग्रजी वर्गांची जी लाट आली, तिचे मूळ पालकांच्या या भीतीत आहे. या भीतीला मराठीद्रोह म्हणून हिणविण्यात अर्थ नाही.

आता मुखेडच्या तांड्यातून लातूरला आलेल्या मुलीचा विचार करा. तिने पहिलीत गोरमाटीतून मराठीत उडी घेतली. ती कशीबशी स्थिरावते न स्थिरावते तोच अकरावीत तिला मराठीतून इंग्रजीत उडी घ्यावी लागली. दोन्ही वेळा मध्ये पूल नव्हता. १९३० च्या सुमारास नांदेडच्या मराठी मुलाने हेच सोसले होते. घरी मराठी, शाळेत उर्दू, आणि १९४८ नंतर उस्मानियाचे माध्यम बदलले तेव्हा इंग्रजी. भाषांची नावे बदलली आहेत. शिकणाऱ्याचे हाल तेच आहेत. म्हणूनच मराठी शाळेची काळजी वाहणाऱ्यांनी तांड्यातील मुलाचा प्रश्न आपला मानला पाहिजे. घरच्या भाषेतून शाळेच्या भाषेकडे नेणारा पूल बांधण्याची विद्या आपण पहिलीत आत्मसात केली, तर अकरावीतही ती उपयोगी पडेल. दहावीनंतरच्या सुटीत मराठी आणि इंग्रजी परिभाषेची सांगड घालणारा दोन महिन्यांचा वर्ग लातूरच्या महाविद्यालयांना चालविता येणार नाही काय? शिकविताना संज्ञा इंग्रजीत आणि विवरण मराठीत, ही पद्धत अनेक चांगले प्राध्यापक आजही चोरून पाळतात. ती उघडपणे पाळण्यात लाज वाटण्याचे कारण नाही.

आरंभ कोठून?

मोठ्या योजनांची वाट न पाहता आरंभ करता येईल अशी एक जागा प्रत्येक शाळेत आहे. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये आणि शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘मातृभाषा’ असा एक रकाना असतो. प्रवेशाच्या गर्दीत हा रकाना सवयीने भरला जातो. मराठी शाळेतले मूल म्हणून ‘मराठी’ असे लिहून हात पुढच्या रकान्याकडे वळतो. येत्या जूनमध्ये नांदेड आणि लातूर जिल्हा परिषदांनी एवढेच ठरवावे की, हा रकाना पालकाला विचारूनच भरला जाईल आणि तेथे गोरमाटी, गोंडी, कोलामी, तेलुगू, कन्नड, दखनी जे असेल ते लिहिले जाईल. कोणत्या गावात कोणत्या भाषेची किती मुले पहिलीत आली, याचा खरा हिशेब त्यामुळे प्रथमच हाती येईल. त्यावरून नेमणुका ठरविता येतील. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या भाषा विभागांना आणि अध्यापक विद्यालयांना शब्दसूची व छोट्या वाचनपुस्तिका तयार करण्याचे काम सोपविता येईल. वर्गात दहा मुले असली की एक शिक्षक, हे १९४९ चे वचन कोठे लागू पडते, हेही कळेल.

दरवर्षी १७ सप्टेंबरला आपण ध्वजवंदन करतो आणि मुक्तिसंग्रामातील शिक्षकांचे स्मरण करतो. त्या शिक्षकांनी परवान्याची पर्वा न करता मुलांना समजेल त्या भाषेत शिकविले होते. किनवटच्या एखाद्या वस्तीशाळेत पहिल्या बाकावर गप्प बसलेले कोलाम मूल त्यांच्या वारसांकडून तेवढेच मागत आहे. त्याच्या नावापुढचा मातृभाषेचा रकाना खरेपणाने भरणे आणि भरल्यावर त्याची दखल घेणे, हे काम मुख्याध्यापकाच्या आणि शिक्षणविस्तार अधिकाऱ्याच्या हातातले आहे. त्यासाठी मुंबईहून निर्णय येण्याची गरज नाही.